सरकतं दार: कटऱ्याच्या स्थानकाचं प्रकरण

२०१२ साली वैष्णोदेवीच्या दर्शनाला जवळजवळ १ कोटी ५ लाख माणसं गेली. तेव्हा डोंगराच्या पायथ्याच्या कटरा गावाला रेल्वे नव्हती. बहुतेक जण जम्मूला उतरून बस नाहीतर टॅक्सी धरत. ४ जुलै २०१४ला रेल्वे थेट डोंगराच्या पायथ्याशी पोचली आणि ते वर्ष संपलं तेव्हा यात्रेकरूंचा आकडा होता ७८ लाख. पुढची दोन वर्षंही तो ७७ लाखांच्या घरात रेंगाळला.

रेल्वे आली की गर्दी वाढणार, हे आपण धरूनच चालतो. स्थानकाच्या उद्घाटनाची भाषणं त्यावरच उभी असतात, स्थानकाला विरोध करणाऱ्यांची भीतीही त्यावरच. कटऱ्यात दोघांचा अंदाज चुकला. आता २०१४च्या सप्टेंबरात काश्मीरमध्ये महापूर आला होता आणि २०१६त खोरं पेटलेलं होतं, हे खरं. पण उतरण त्याच्या आधीच लागली होती. २०१३चा आकडाच ९३ लाखांवर आलेला होता. तेव्हा घसरणीचा दोष स्थानकाला देता येत नाही, तसं चढणीचं श्रेयही नाही. करोनानंतर २०२२त ९१ लाख, २०२३त ९५ लाख, २०२४त पुन्हा ९५ लाखांच्या जवळपास. रेल्वे दाराशी येऊन दहा वर्षं झाली तरी रेल्वेविना गाठलेला २०१२चा आकडा मागे पडलेला नव्हता.

मग स्थानकानं केलं काय? माझ्या मते त्यानं डोंगराचं दार हलवलं. आधी हे दार जम्मूत होतं, ते कटऱ्यात आलं. असं दार सरकलं की जुन्या दाराशी ज्यांनी दुकानं मांडलेली असतात त्यांचा धंदा बसतो आणि नव्या दाराशी जमिनीचे भाव चढतात. बारकाईनं बघण्यासारखी गोष्ट ही की दार कटऱ्यातही थांबलं नाही.

आधीची दारं

वैष्णोदेवीचं भवन त्रिकुटा डोंगरावर साधारण ५,२०० फुटांवर आहे. कटरा गाव पायथ्याला. बाणगंगेपाशी चढण लागते, मग चरणपादुका, अर्धकुवारीची गुहा, आणि तिथून हिमकोटीच्या नाहीतर सांझीछतच्या वाटेनं भवन. सगळी मिळून १२-१३ किलोमीटरची चाल. गुहेत मूर्ती नाही, तीन पिंडी आहेत. त्यांचं दर्शन झालं की आणखी चढून भैरवनाथाकडे जायचं, त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही अशी श्रद्धा. देवीनं ज्याचं डोकं उडवलं त्यालाच शेवटच्या नमस्काराचा मान. खंडोबानं मारलेल्या मणीला जेजुरीत जागा मिळाली, ती गोष्ट ठाऊक असलेल्या मराठी माणसाला यात काही नवल वाटत नाही.

ही चाल आहे तिथेच आहे. बदलत गेली ती तिच्यापर्यंत पोचायची तऱ्हा.

जम्मूला पहिली रेल्वे आली ती सियालकोटकडून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. फाळणीत ती वाट सीमेपलीकडे गेली आणि जम्मू शहर रेल्वेच्या नकाशावरून पुसलं गेलं. त्यानंतर पाव शतक भारतातून येणाऱ्यांसाठी शेवटचं स्थानक होतं पंजाबातलं पठाणकोट. तिथून पुढे सडक. १९७२ला रुळ जम्मूपर्यंत पोचले, जम्मूतवी हे नाव वेळापत्रकात आलं आणि पठाणकोटचं महत्त्व एका झटक्यात उतरलं. पुण्याहून सुटणारी झेलम एक्सप्रेस आमच्या आधीच्या पिढीला माहीत आहे ती या जम्मूतवीमुळे. दोन रात्री गाडीत, उतरल्यावर अंघोळीपुरती धर्मशाळा, मग दोन तासांची वळणावळणाची बस, आणि घाटात कुणाला तरी उलटी ही ठरलेली. परत येताना रघुनाथ बाजारात अक्रोड, राजमा आणि शेजाऱ्यांसाठी प्रसादाची पुडकी. वैष्णोदेवीच्या यात्रेत जम्मू असं आपोआप यायचं, दोन वेळा, जाताना आणि येताना. त्या शहरानं यात्रेकरू मिळवण्यासाठी वेगळं काही केलं नव्हतं. रुळ तिथे संपत होते, एवढंच.

पुढे जम्मू–उधमपूर ५३ किलोमीटरचा मार्ग. इंदिरा गांधींनी १९८३त त्याची पायाभरणी केली, गाडी धावली १३ एप्रिल २००५ला. बावीस वर्षं. किलोमीटरमागे सरासरी पाच महिने पडतात, पण डोंगरातल्या रेल्वेला असली सरासरी लावण्यात फारसा अर्थ नाही, हे पुढच्या २५ किलोमीटरनी दाखवून दिलं.

मातीनं धरलेला बोगदा

उधमपूर ते कटरा अंतर २५ किलोमीटर. त्यात सात बोगदे, एकूण जवळपास ११ किलोमीटरचे. तीसहून जास्त लहानमोठे पूल, त्यातला झज्जर खड्ड या ओढ्यावरचा ८५ मीटर उंच. खर्च १,१३२ कोटी रुपयांच्या वर. मध्ये एकच स्थानक, चक रखवाल. नकाशावर बोटभर लांबीच्या या तुकड्याला उधमपूरची गाडी सुरू झाल्यानंतर आणखी नऊ वर्षं लागली.

याचं कारण दगड नसण्यात आहे. सह्याद्रीत बोगदा खणणाऱ्याची लढाई काळ्या कातळाशी असते. कातळ फोडायला कठीण, पण एकदा फोडला की बराचसा आपल्या पायावर उभा राहतो. शिवालिकच्या टेकड्या म्हणजे हिमालयानं अंगावरून झटकलेला गाळ. वाळूखडक, चिकणमातीचे थर, गोटे, आणि मधून वाहणारं पाणी. यातली काही चिकणमाती ओली झाली की फुगते. बोगदा खणला की चहूबाजूंनी आत यायला बघते आणि आधाराला लावलेल्या पोलादी कमानी वाकवते. या मार्गावरच्या एका बोगद्यात तेच झालं. काम थांबलं, तज्ज्ञ आले, आधार नव्यानं दिले गेले. सगळं झाल्यावर, गाडी सुटायच्या बेतात असताना, बोगद्यात पुन्हा पाणी झिरपायला लागलं आणि मुहूर्त पुढे गेला. २०१४च्या सुरुवातीला होणारं उद्घाटन म्हणून जुलैत झालं. मध्ये लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. ज्या सरकारच्या काळात बहुतेक काम झालं त्याला हिरवा झेंडा दाखवता आला नाही, नव्या पंतप्रधानांनी दाखवला. त्याच दिवशी दिल्लीच्या गाडीला श्री शक्ती एक्सप्रेस हे नाव त्यांनी सुचवलं.

स्थानकाचं नावही नुसतं कटरा नाही, 'श्री माता वैष्णो देवी कटरा' असं पूर्ण. फलाटावर उतरलं की डोंगर समोर. रात्री उतरलात तर डोंगर दिसत नाही, दिसते ती अंधारात वर वर जाणारी दिव्यांची नागमोडी ओळ. सगळी वाट दिव्यांनी उजळलेली असते. तेरा किलोमीटर म्हणजे किती, हे जम्मूत उतरणाऱ्याला बसमध्ये बसून ऐकून कळायचं. इथे ते फलाटावरच मान वर केल्यावर कळतं. अनेक बायाबापड्या बॅगा खाली ठेवून तिथेच हात जोडतात.

स्थानकातच यात्रेच्या नोंदणीची खिडकी आहे. नोंदणीशिवाय बाणगंगेच्या पुढे सोडत नाहीत. गाडीतून उतरायचं, नोंदणी करायची, गाव ओलांडून दोनेक किलोमीटरवर चढणीला लागायचं, असा क्रम बसला. या क्रमात जम्मू कुठेच नव्हतं.

दुपारी दोन ते दुसऱ्या दिवशी तीन

स्थानक सुरू झाल्यावर पहिली पाचेक वर्षं बदल सावकाश होत होता. दिल्लीची गाडी रात्री निघून सकाळी पोचायची. आपल्या वांद्रे टर्मिनसहून निघणारी स्वराज एक्सप्रेस जम्मूच्या पुढे कटऱ्यापर्यंत जाऊ लागली. लोक यायचे, एक रात्र कटऱ्यात, एक वर, असं करून जायचे. खरा फरक पडला ऑक्टोबर २०१९मध्ये, दिल्ली–कटरा वंदे भारत सुरू झाल्यावर.

या गाडीच्या वेळा नीट बघण्यासारख्या आहेत. सुरू झाली तेव्हा ती नवी दिल्लीहून सकाळी सहाला सुटायची आणि दुपारी दोनला कटऱ्यात. परतीची कटऱ्याहून दुपारी तीनला, दिल्लीत रात्री अकराला. दोन ते दुसऱ्या दिवशीचे तीन, म्हणजे पंचवीस तास. दुपारी उतरा, नोंदणी करा, ऊन उतरताना चढायला लागा, रात्री दर्शन, पहाटे भैरवनाथ, उतरून या, जेवा, गाडीत बसा. दिल्लीतल्या नोकरदाराला शनिवार-रविवारात यात्रा आटपता येते. एका वेळापत्रकानं यात्रेला असं मोजून घातलेलं माप क्वचित दिसतं.

याचे दोन परिणाम झाले, आणि दुसऱ्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पहिला उघड आहे. कटऱ्यातली मुक्कामाची रात्र गेली. माणूस खोली घेतो ती सामान टाकायला आणि उतरल्यावर अंघोळीला, अर्ध्या दिवसाची. दुसरा परिणाम वाटेवर झाला. दुपारच्या गाडीतून उतरलेली माणसं साधारण एकाच वेळी बाणगंगेला पोचतात. पूर्वी जम्मूच्या बसेस दिवसभर सुटायच्या, गर्दी आपोआप पसरायची. गाडी माणसांना हप्त्यानं आणून ओतते. एका लांब पल्ल्याच्या गाडीत हजार-दीड हजार माणसं धरा आणि एका तासात अशा दोन गाड्या लागल्या की तीन हजार जण एका अरुंद बाजारातून एकाच दिशेला निघालेले. वर्षाच्या बेरजेत हे दिसत नाही. वर्षाचे आकडे घसरत असतानाही एखादी संध्याकाळ आधीपेक्षा जास्त दाटलेली असू शकते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याला हे पंचवीस तासांचं गणित लागू होत नाही. तीस-बत्तीस तास गाडीत बसून आलेलं कुटुंब दुसऱ्या दिवशी तीनला परत फिरत नाही. आपल्याकडची मंडळी अजून जुन्या चालीनं जातात: अमृतसर जोडतात, शिवखोडीला जातात, आजीला पालखी करतात आणि परतताना एक दिवस जम्मूसाठी काढतात. लांबच्यांची यात्रा अजून ऐसपैस आहे, जवळच्यांची घाईची झाली.

दिल्लीच्या वंदे भारतमध्ये जेवण शाकाहारीच मिळतं. कटऱ्यापासून वर मांस-मद्याला बंदी आहे, ती हद्द जणू दिल्लीच्या फलाटापर्यंत ताणली गेली. यात्रा कुठे सुरू होते याचं रेल्वेनं दिलेलं हे उत्तर मला मजेशीर वाटतं. वारीत दिंडी निघाली की माणूस वारकरी, इथे डब्यात पाय ठेवला की.

जम्मूची तक्रार

जम्मूतल्या हॉटेलवाल्यांनी, टॅक्सीवाल्यांनी आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांनी हे आधीच ओळखलं होतं. रेल्वे पुढे गेली की शहर वगळलं जाणार, हे ते २०१४च्या आधीपासून बोलत होते, आणि तसंच झालं. शहरासाठी वेगळी पर्यटनस्थळं उभारा, गाड्या जम्मूत जास्त वेळ थांबवा, अशा मागण्या झाल्या. त्यात चूक काही नाही. पण १९७२त पठाणकोटचं जे झालं तेच हे. तेव्हा जम्मूनं तक्रार केली नव्हती.

डोंगर किती माणसं पेलतो

स्थानकाला गाड्या वाढवता येतात, फलाट वाढवता येतो. भवनाजवळची जागा वाढवता येत नाही. ती दरीच्या कडेला कोरलेली चिंचोळी पट्टी आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिवसाला ५० हजारांहून जास्त यात्रेकरू वर सोडू नयेत असा आदेश दिला. प्रकरण मुळात घोडे-खेचरांच्या लिदीचं आणि वाटेवरच्या घाणीचं होतं. २०१८त खुल्या झालेल्या ताराकोटच्या नव्या वाटेवर म्हणून घोडे नाहीत, ती चालणाऱ्यांसाठी राखलेली आहे.

मर्यादा कागदावर असणं आणि गर्दी हाताळता येणं या मात्र दोन गोष्टी. १ जानेवारी २०२२च्या पहाटे भवनाजवळ तीन क्रमांकाच्या दाराशी चेंगराचेंगरी होऊन १२ जण गेले. नव्या वर्षाची पहिली रात्र, सगळ्यांना त्याच वेळी दर्शन हवं. त्यानंतर नोंदणीची जुनी कागदी पर्ची जाऊन रेडिओ लहरींवर वाचलं जाणारं आरएफआयडी कार्ड आलं. माणूस वाटेवर कुठे आहे, वर किती आहेत, खाली किती, हे त्यामुळे कळू लागलं.

माझी एक शंका राहते ती इथे. देवस्थान चालवणाऱ्या श्राइन बोर्डाला वर किती माणसं आहेत हे कळतं. रेल्वेला कटऱ्याची किती आरक्षणं झाली हे आठवडे आधी कळतं. हे दोन आकडे एकत्र मांडून गाड्यांच्या वेळा ठरवल्या जातात असं मात्र वेळापत्रकाकडे बघून वाटत नाही. सुटीच्या दिवसांत जादा गाड्या सुटतात त्या नेमक्या ज्या दिवसांत डोंगर आधीच भरलेला असतो त्या दिवसांत. रेल्वेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, मागणी तेव्हाच असते. पण सुटीच्या काळात सकाळच्या गाड्या थोड्या वाढवून दुपारचा लोट पसरवला तर बाणगंगेवरचा भार हलका होईल. त्यासाठी नवा रुळ लागत नाही, पूल लागत नाही.

दार आणखी वर

जम्मूचा घास कटऱ्यानं घेतला, आणि दहा वर्षांत कटऱ्यालाच दार निसटण्याची भीती वाटू लागली. यावेळी धोका रोपवेचा होता.

भवन ते भैरवनाथ असा एक रोपवे २०१८च्या डिसेंबरात सुरू झालेला आहे. त्याला फारसा विरोध झाला नाही. तो वरच्या वर आहे, त्यानं गावातली माणसं कमी होत नाहीत. नवा बेत वेगळा होता. ताराकोटहून थेट सांझीछत, अडीच किलोमीटरच्या आत, खर्च २५० कोटींच्या आसपास. पाच-सहा तासांची चढण काही मिनिटांवर. याचा अर्थ बाणगंगा ते अर्धकुवारी या पट्ट्यातल्या चहाच्या टपऱ्या, काठ्या आणि चुनऱ्या विकणारे, पाय चेपून देणारे, घोडेवाले, पालखीवाले, पोरांना पाठीवर घेणारे पिठ्ठू, या सगळ्यांना वळसा. ही हजारोंची वस्ती आहे. रियासी आणि आजूबाजूच्या डोंगरांतली माणसं, त्यात मुसलमान घोडेवाले मोठ्या संख्येनं. देवीच्या वाटेवर हिंदू यात्रेकरूला मुसलमान माणूस घोड्यावर बसवून वर नेतो, हे तिथे इतकं रोजचं आहे की कुणी त्याबद्दल बोलतही नाही.

नोव्हेंबर २०२४मध्ये घोडेवाले-पालखीवाले आणि दुकानदारांनी ७२ तासांचा संप केला, त्यात पोलिसांवर दगड फेकले गेले. २५ डिसेंबरपासून रोपवेविरोधी संघर्ष समितीनं कटरा बंद पुकारला. नाताळ ते नववर्ष हा वर्षातल्या मोठ्या गर्दीचा आठवडा. गाव कडकडीत बंद. स्थानकावर गाड्या येतच होत्या, माणसं उतरत होती, आणि बाहेर ना रिक्षा ना खाणावळ. अठरा आंदोलकांना ताब्यात घेतलं गेलं. वर्ष संपता संपता त्यांची सुटका, चर्चेसाठी समिती, आणि बंद मागे.

रोपवे हवाच, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनंही बोलता येतं. सत्तरीच्या बाईला घोड्यावर बसवून कड्याच्या कडेनं नेण्यात काही पुण्य नाही, आणि हेलिकॉप्टरचं भाडं सगळ्यांना परवडत नाही. सप्तशृंगी गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली झाली तेव्हा गुडघे दुखणाऱ्या किती जणांनी वणीच्या देवीला हात जोडले असतील. मला वादाचा गाभा वाटेवरच्या कमाईत दिसतो. कटऱ्याचं स्थानक बांधताना जम्मूच्या टॅक्सीवाल्याला भरपाई दिली नव्हती, आणि कुणी तशी अपेक्षाही केली नव्हती. रेल्वेमुळे दार सरकतं तेव्हा ते नशीब मानलं जातं. रोपवेमुळे सरकलं तर ते अन्याय वाटतं. माझ्या मते यातला फरक अंतराचा आहे. जम्मूचा टॅक्सीवाला दुसरं भाडं शोधू शकतो, शहर मोठं आहे. अर्धकुवारीच्या खालच्या वळणावर ज्यानं वीस वर्षं टपरी चालवली त्याला दुसरं वळण नाही. रोपवेच्या तिकिटातला ठरलेला हिस्सा या माणसांच्या नावावर लागणार असेल, आणि तो चर्चेसाठी नेमलेल्या समितीच्या आश्वासनात न राहता लेखी असेल, तरच खांब रोवावेत.

कोकण रेल्वेनं काढलेली वाट

६ जून २०२५ला कटरा हे शेवटचं स्थानक राहिलं नाही. त्या दिवशी चिनाबचा पूल, अंजी खड्डचा पूल आणि कटरा–श्रीनगर वंदे भारत यांचं उद्घाटन झालं. चिनाबचा म्हणजे नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा, १,३१५ मीटर लांबीचा पोलादी कमानीचा पूल. अंजीचा ४७३ मीटरचा, एका मनोऱ्याला ९६ तारांनी टांगलेला पूल. या अवघड पट्ट्याचं काम कोकण रेल्वेकडे होतं. चिपळूण-रत्नागिरीच्या पावसात दरडींशी झगडून शिकलेली माणसं रियासीच्या डोंगरात गेली. चिनाबचा पूल उभारणारी कंपनी मुंबईची. मधल्या काळात, २००८च्या सुमारास, मार्गच चुकीचा निवडलाय का, या शंकेपोटी काम काही महिने थांबलंही होतं.

पण सगळ्यात शेवटी हातात आला तो तुकडा पुलांचा नव्हता. कटऱ्याच्या स्थानकाला लागूनच, त्रिकुटाच्या पायथ्याखालून रियासीकडे जाणारा ३.२ किलोमीटरचा टी-३३ बोगदा. शिवालिकचे नवे मऊ थर आणि त्यांच्यावर चढून बसलेले जुने चुनखडीचे खडक, यांच्यामधली भेग म्हणजे भूशास्त्रज्ञ ज्याला मुख्य सीमा भ्रंश म्हणतात तो पट्टा. बोगदा तिथूनच जातो. खडकाचा चुरा, त्यातून धो धो पाणी. जगातला सर्वात उंच रेल्वे पूल बांधून तयार होता आणि गाडी अडली होती ती देवीच्या डोंगराच्या पायात. रुळाचं काम पुरं झालं डिसेंबर २०२४मध्ये, रोपवेविरुद्ध गाव पेटलेलं होतं त्याच महिन्यात.

श्रीनगरची गाडी सुरू झाली ती कटऱ्याहूनच. दिल्लीहून थेट गाडी नव्हती. काश्मीरला जाणाऱ्यानं कटऱ्यात उतरायचं, सुरक्षा तपासणीतून जायचं, दुसऱ्या गाडीत बसायचं, आणि तीन तासांत श्रीनगर. यामुळे कटऱ्याला, वंदे भारतमुळे गेलेल्या रात्रीच्या बदल्यात, एक रात्र उसनी मिळाली. सकाळी आठच्या सुमाराची श्रीनगरची गाडी धरायची तर आदल्या रात्री कटऱ्यात राहणं आलं. वैष्णोदेवीला न जाणारा, कदाचित देवीला न मानणाराही प्रवासी या गावात झोपू लागला. हॉटेलवाल्यांना तेवढाच आधार. जम्मू स्थानकाची फेररचना झाली की ही गाडी जम्मूहून सोडायची, असं रेल्वेचं पहिल्यापासूनचं नियोजन होतं. जम्मूचे व्यापारी त्यासाठी आग्रही होते. म्हणजे दार पुन्हा मागे, जम्मूकडे.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला अर्धकुवारीजवळ, इंद्रप्रस्थ भोजनालयापाशी, दरड कोसळली. दुपारी तीनची वेळ, वाट भरलेली. ३४ जण गेले. जम्मूत पावसानं पूल खचले, पठाणकोटकडून येणारा रेल्वेमार्ग तुटला. लांबच्या गाड्या बंद, आणि वरून उतरवलेले यात्रेकरू कटऱ्यात अडकले. मग रेल्वेनं जम्मू–कटरा शटल सुरू केली, माणसांना निदान जम्मूपर्यंत आणायला. उधमपूरचे आणि कटऱ्याचे ते चिवट बोगदे शाबूत होते. डोंगरावरची यात्रा २२ दिवस बंद राहिली. १७ सप्टेंबरला वाट उघडली तेव्हा नवरात्राला पाचच दिवस उरले होते, आणि बाणगंगेवर घोडेवाले पहाटेपासून रांग लावून उभे होते.